निरोष्ठ लॅपटॉप

फेब्रुवारी २०२५ मध्ये बारामतीचा ऊस थेट अमेरिकेत गाजला. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची चित्रफीत ‘एक्स’वर टाकली, तिच्याखाली इलॉन मस्क यांनी एआय सगळेच सुधारून टाकणार अशा अर्थाची ओळ लिहिली, आणि तालुक्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर मस्कचा उल्लेख एकेरीत होऊ लागला. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या या प्रयोगात जमिनीत बसवलेले सेन्सर, शिवारातले हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांचा मेळ घालून उसाला पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, हे शेतकऱ्याला मोबाइलवर सांगितले जाते. मुळाशी किती ओल आहे हे उसाच्या आधी फोनला कळते.

त्याच वर्षी, त्याच गावात, भिगवण रस्त्याच्या बाजूच्या एका फ्लॅटमध्ये एक लॅपटॉप असा होता, की आपल्या पोटात डीव्हीडी ड्राइव्ह आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक होते. मधल्या वेळात तो सुधारला होता.

लॅपटॉप प्रस्तुत लेखकाचा. तो घेतला त्या काळात दुकानदार सगळी स्तुती झाल्यावर शेवटी कडेचे बटण दाबून ट्रे सर्रकन बाहेर काढत आणि ‘रायटर आहे, सर’ एवढेच म्हणत. गिऱ्हाईक तिथेच विरघळे. पुढे पातळपणाची साथ आली. ॲपलने जानेवारी २००८ मध्ये मॅकबुक एअर कागदी लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवला, त्यात ड्राइव्ह नव्हता. मग बाकीच्यांनीही जाडी उतरवताना पहिला बळी त्याचाच दिला. लेखकाचा लॅपटॉप मात्र जाडच राहिला. सोसायटीत आणि पाहुण्यारावळ्यांत ज्याच्याकडे म्हणून एखादी सीडी उरली होती, तो ती घेऊन त्याच्याकडे येऊ लागला. लग्नाची डीव्हीडी, मुंजीची डीव्हीडी, भिगवणच्या पाणलोटातल्या रोहित पक्ष्यांचे फोटो, कुणाच्या तरी निरोप समारंभातले आजोबांचे भाषण. या कामाचा आपल्याला कंटाळा आहे, असे लेखक सांगत असे. ते खरे नव्हते.

त्या जूनमध्ये सासऱ्यांचा गुडघा चर्चेत आला. अण्णा इंदापूर तालुक्यातले. दरसाल तुकोबांच्या पालखीबरोबर ते बारामतीपासून बेलवाडीपर्यंत चालतात. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या, मग पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण, रात्री सणसर, आणि पुढे बेलवाडीला अश्वांचे पहिले गोल रिंगण. तेवढे डोळे भरून पाहिले की एसटीने घरी. गुडघ्याची तक्रार त्यांनी कधी केली नव्हती. तक्रार त्यांच्या मुलीची होती : ‘अण्णा जिना आडवे होऊन उतरतात.’ तेव्हा एमआरआय झाला. केंद्राने फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी एका लांबड्या पिशवीत घालून हातात दिली. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, ‘सीडीतल्या इमेज बघितल्याशिवाय चाला किंवा चालू नका, हे काही मी सांगणार नाही. पण माझ्या नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही हो. कुणाकडून उघडून घेता का? मला व्हॉट्सॲपवर टाका.’

अण्णांनी जावयाकडे पाहिले. अशा नजरा जावयाच्या वाट्याला फारशा येत नाहीत.

रात्री जेवणे झाल्यावर सीडी आत गेली, गरगरली, आणि उघडणार तेवढ्यात पडद्यावर मधोमध एक चौकट उगवली. महत्त्वाचे फर्मवेअर अपडेट आले आहे. त्याने स्थैर्य आणि सुरक्षितता वाढेल. खाली दोन बटणे : ‘आता करा’ आणि ‘आज रात्री करा’. ‘नको’ असे बटण नव्हते. वास्तविक ज्या कंपनीने हा लॅपटॉप बनवला तिने वर्षानुवर्षे त्याची विचारपूस केली नव्हती. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलले गेले तेव्हाही नाही. आता अचानक तिला स्थैर्याची काळजी वाटू लागली. सोबत ताकीद होती, की काम चालू असताना चार्जर काढू नये आणि वीज जाऊ देऊ नये. शेतीपंपांना रात्रीच्या पाळीची वीज मिळणाऱ्या मुलखात ही ताकीद नेमकी कुणाला दिली होती, कळायला मार्ग नाही. पण वीज गेली नाही. पडदा काळा झाला, पंखा घोंगावला, पांढरी पट्टी शंभरपर्यंत गेली, आणि सगळे यथासांग पार पडले.

सकाळी ‘माय कॉम्प्युटर’मध्ये डीव्हीडीचे चिन्हच नव्हते.

बटण दाबून पाहिले. लॅपटॉपच्या ड्राइव्हवरचे बटण म्हणजे नुसता अर्ज असतो. तो मंजूर करणारा आत बसलेला असतो, आणि तो जागेवर नव्हता. उरला एकच मार्ग. ट्रेच्या तोंडावर, बटणाच्या शेजारी, सुईचे टोक जाईल एवढे भोक असते. पेपरक्लिप सरळ करून त्यात घालायची, आत थोडा दाब लागतो, तिथे न घाबरता अजून ढकलायची. खट् होते आणि ट्रे बोटभर बाहेर येतो. पुढचे हाताने ओढायचे. भोकाला विजेची, अपडेटची आणि कंपनीची गरज लागत नाही. ट्रेवर सीडी होती तशी होती, मार्करने ‘डावा गुडघा’ लिहिलेली. तिच्याखाली मसुराएवढे निळसर भिंग निवांत बसले होते.

‘अहो, अण्णा विचारतायत, झालं का?’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग कंपनीची हेल्पलाइन. पलीकडच्या मुलीचा आवाज इतका गोड होता, की रागावायची सोय राहिली नाही. तिने लॅपटॉपचा नंबर घेतला, पलीकडून लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिले आणि सांगितले, की सर, आपल्या मशिनमध्ये ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे आपले मॉडेल ड्राइव्हचे नसावे. ड्राइव्ह समोर आहे, हाताला लागतो आहे, त्याचा ट्रे जिभेसारखा बाहेर आहे, असे लेखकाने नम्रपणे कळवले. थोडी शांतता पसरली. मग उपाय सुचला : लॅपटॉपबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी आत घाला आणि ड्रायव्हर पुन्हा टाका.

भिगवण चौकाच्या अलीकडे दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. काउंटरवर पोट उघडे टाकलेले लॅपटॉप, मिठाईच्या डब्यांत जातवार स्क्रू, आणि या सगळ्यात मिसरूड फुटलेला एक मुलगा. त्याने लॅपटॉप उलटा केला, खालचा एकच स्क्रू काढला आणि सबंध ड्राइव्ह कडेने ओढून घेतला. इतके सोपे असेल असे लेखकाला वाटले नव्हते. ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावला, तो लगेच गुणगुणू लागला. दुसरा ड्राइव्ह लेखकाच्या लॅपटॉपला लावला, तर तिथे सामसूम.

‘ड्राइव्ह ओके आहे, सर. तुमचं मशिनच त्याला ओळख देत नाय.’

‘जुनं व्हर्जन परत टाकता येईल का?’

‘आलं असतं. पण नवीन आत शिरलं आणि त्यानं पहिल्यांदा दाराला कडी घातली.’ सुरक्षिततेच्या नावाखाली बऱ्याच कंपन्या आता नव्या फर्मवेअरवरून जुन्यावर परतू देत नाहीत. मुलाने स्क्रू डब्यात टाकला आणि विचारले, ‘आधी काय त्रास होता, सर?’

‘काहीच नव्हता.’

‘मग बरोबर. बिघाडच नसला की दुरुस्ती लय अवघड जाते.’

फर्मवेअर हा यंत्राच्या आत कायम मुक्कामाला असलेला प्रोग्राम. बसवलेला चिपमध्ये, दिसत कुठेच नाही, पण लोखंड, मोटार, भिंग यांना कामाला लावतो तोच. सीडीवरची माहितीची ओळ आतून बाहेर गोल गोल जाते. सरळ केली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरते, आणि तिचा एक वेढा दुसऱ्यापासून १.६ मायक्रोमीटरवर असतो. त्या वाटेवर सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेसर न भरकटता चालवायचा, हे लहान काम नाही. पण फर्मवेअर एवढ्यावर थांबत नाही, त्याला अधिकारही असतात. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले, त्यात अमेरिका १ मध्ये आणि भारत ५ मध्ये. २००० सालापासूनच्या ड्राइव्हना हा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. मग जो राहिला तो कायमचा. न्यू जर्सीतल्या भाच्याने तिकडची डीव्हीडी आणायची, ती पाहायला विभाग १ करायचा, मग इकडच्या सिनेमासाठी पुन्हा ५ करायचा. दोन-तीन दिवाळ्यांत कुटुंबाला कुठल्या तरी एका देशाचे व्हावे लागे.

सुधारायला जाऊन यंत्र बिघडणे जगात पूर्वीही झाले आहे, आणि जास्त थाटात झाले आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये फ्रान्सच्या मँड्रेक लिनक्स या संगणक प्रणालीची ९.२ ही आवृत्ती निघाली. ती टाकायला बसलेल्या कित्येकांचे एलजीचे सीडी ड्राइव्ह जागच्या जागी मेले. झाले असे, की नव्या लिनक्सचा कर्नल ड्राइव्हला एक सभ्य आज्ञा देत होता : कॅशमध्ये काही लिहायचे राहिले असेल तर उतरवून घे. ज्या ड्राइव्हला लिहिताच येत नाही, त्याने ‘हे माझे काम नव्हे’ म्हणून गप्प बसायचे, असा दंडक. पण एलजीच्या काही ड्राइव्हमध्ये तोच सांकेतिक क्रमांक फर्मवेअर बदलण्यासाठी वापरला होता. आवराआवर कर असे सांगितले, आणि त्याने आत्मचरित्र पुसायला घेतले. लिनक्स त्या काळी सीडीवरूनच टाकत. म्हणजे ज्या सीडीने ड्राइव्ह मारला ती त्यानेच वाचून दाखवली होती. एलजीने नंतर दुरुस्तीचे फर्मवेअर काढले. ते सीडीवर देऊन उपयोग नव्हता, हे सांगायला नको. याच एलजीचा एक मोठा कारखाना आपल्या जिल्ह्यात रांजणगावला आहे, महागणपतीच्या शेजारी. विघ्नहर्ता जवळ असलेला बरा.

२००५ मध्ये सोनी बीएमजीने आणखी वरचा सूर लावला. गाण्यांची चोरी होऊ नये म्हणून त्यांच्या काही सीडी संगणकात चोरपावलांनी एक प्रोग्राम सोडत आणि तो लपवून ठेवत. ऑक्टोबरअखेर मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने तो उघडा पाडला. ज्यांनी तो हाताने उपटून काढायचा प्रयत्न केला, त्यांचा सीडी ड्राइव्हच संगणकातून नाहीसा झाला. घरमालकाने चोर हाकलला तर चोर जाताना दरवाजा घेऊन गेला. जानेवारी २००९ मध्ये सीगेटने आपल्या बाराकुडा हार्ड डिस्कमधला दोष काढायला फर्मवेअर दिले, आणि त्याने ५०० जीबीच्या काही धडधाकट डिस्क आडव्या केल्या. ते मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोनच्या ८.०.१ या अपडेटनंतर आयफोन ६ वरून फोनच लागेना. फोन सोडून बाकी बहुतेक सगळे चालत होते.

या सगळ्यावर कडी १९ जुलै २०२४ ला झाली. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल धाडली आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी इंडिगोने प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांच्या एसटीचे मात्र काही अडले नाही, कारण ती सुरू करायला चावी लागते.

मुद्दा असा, की ज्या वस्तूला जगाने केव्हाच रामराम केला, तिच्यावाचून बारामतीतल्या एका घराचे पान हलेना, याचे कारण जगाने रामराम करून टाकला तरी कागदपत्रांना तो कळलेला नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यात मोबाइल, सर्व्हर, क्लाउड यांच्याबरोबर सीडी-डीव्हीडीलाही स्वतःची चौकट आहे. अभियांत्रिकीच्या मुलांच्या प्रोजेक्टला अजून कुठे कुठे काळे बाइंडिंग, सोनेरी अक्षरे आणि शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी लागते. ती सीडी कुणी कधी उघडून पाहिल्याचे ऐकिवात नाही. पण ती नसेल तर मात्र ताबडतोब लक्षात येते.

आणि एक काळ होता, जेव्हा हा सगळा मुलूख सीडीवर चालत होता. मोझर बेअर ही भारतीय कंपनी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत मोडायची. २००७ च्या सुमारास तिने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा चोरीच्या सीडी विकणाऱ्यालाही चोरी परवडेना. इंदापुरात उसाचे बिल जमा झाले की खताच्या पोत्याबरोबर कीर्तनाची आणि तमाशाची एकेक व्हीसीडी पिशवीत पडायची. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिचा माल अजून कामात आहे : डाळिंबाच्या बागांत पाखरे हुसकायला दोऱ्याला बांधलेल्या डिस्क वाऱ्यावर फिरत असतात, तेही कुठल्याही ड्राइव्हशिवाय.

दुकानातून परत येताना लेखक कऱ्हेच्या काठाने आला. इथे बाबूजी नाईकांचा वाडा आहे, आणि त्यांच्याच आश्रयाने या गावात मोरोपंत राहिले. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेल्या या माणसाने बारामतीत बसून रामायणाच्या १०८ आवृत्त्या काढल्या असे सांगतात. त्यातली प्रत्येक वेगळी, कशात अक्षरांची करामत, कशात वृत्ताची. पण नवीन रामायण आले म्हणून आधीचे उघडेना झाले, अशी तक्रार अडीचशे वर्षांत आलेली नाही. एक तर निरोष्ठ रामायण आहे. ओठांना ओठ लागतील अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरेच त्यात वर्ज्य. ‘म’ बंद म्हणजे ‘राम’ हे नावसुद्धा लिहायची सोय नाही, आणि तरी त्यात राम वनवासाला जाऊन, रावणाला मारून परत येतो. एखादा भाग बंद करायचाच तर तो असा करावा. इथे कंपनीने ओठ शिवले, आणि कथेतला राम तेवढा गेला. लेखकाने हे दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितले. मुलगा म्हणाला, ‘मोरोपंतांना मशिनचा प्रॉब्लेम नव्हता, सर.’

तोडगा त्यानेच काढला. पातळ ड्राइव्हसाठी यूएसबीची डबी मिळते. ड्राइव्ह त्यात बसवायचा आणि वायरने लॅपटॉपला जोडायचा. डबी पुण्याहून यायची होती. ती येईपर्यंत तुकोबांची पालखी बारामतीत येऊन मुक्काम करून गेलीही. पहाटे अण्णा घरात नव्हते. चपलांच्या जागी त्यांचे वारीचे जुने कॅनव्हासचे बूटही नव्हते. मुलीने फोन लावला तेव्हा मागून टाळांचा आवाज येत होता आणि अण्णा म्हणत होते, ‘काटेवाडीला आलोय, मेंढ्या सोडायला लागलेत, नंतर बोलतो.’

डबी आली. मुलाने ड्राइव्ह तिच्यात बसवला, वायर लॅपटॉपला टोचली, आणि एक घंटी वाजून उजव्या कोपऱ्यात चौकट उघडली : नवीन डिव्हाइस सापडले. वर्षानुवर्षे स्वतःच्या पोटात वागवलेल्या ड्राइव्हचे लॅपटॉपने पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे स्वागत केले. त्याला ई हे अक्षर दिले. सीडी आत गेली आणि डाव्या गुडघ्याचे काळे-पांढरे काप एकामागून एक पडद्यावर उतरले. लॅपटॉपच्या कुशीत जिथे ड्राइव्ह होता तिथे आता चौकोनी भगदाड होते. त्याला लावायला दुकानात पट्टी नव्हती. मुलाने पुठ्ठा कापून बसवला आणि डबीचे तेवढे पैसे घेतले; पुठ्ठ्याचे नाही.

इमेज संध्याकाळी डॉक्टरांना गेल्या. त्यांचे उत्तर आले तेव्हा अण्णा बेलवाडीहून एसटीने परतून, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले होते. मुलीने मोबाइल हातात धरून मोठ्याने वाचले : गुडघ्यातली गादी झिजली आहे, लांबचे चालणे कटाक्षाने टाळावे.

अण्णांनी पाय घमेल्यातून काढून पंच्याने पुसला.

‘टाळतो की,’ ते म्हणाले. ‘पुढच्या पालखीपर्यंत.’